आधी फिर्याद नोंदवा!

पुण्याच्या उपनगरांतून आमच्याकडे जी पत्रे येतात त्यांचा मजकूर हल्ली तोंडपाठ व्हावा इतका एकसारखा झाला आहे. अक्षर निराळे असते, पत्ता निराळा असतो. कोणी बाणेरहून लिहितो, कोणी वाघोलीहून, कोणी धायरीहून. हकीकत मात्र तीच. पहाटे फिरावयास निघालेल्या गृहिणीच्या गळ्यातील मंगळसूत्र दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसडा मारून नेले. दिवाळीच्या सुटीत कुटुंब गावी गेले असता कडी-कोयंडा उचकटून कपाट रिकामे करण्यात आले. मध्यरात्री कोयते घेऊन आलेल्या पोरांच्या टोळक्याने गल्लीत ओळीने उभ्या असलेल्या रिक्षांच्या व मोटारींच्या काचा फोडल्या आणि आरडाओरडा करीत ते निघून गेले. एवढ्यावर पत्र संपत असते, तर वाचकांच्या पत्रव्यवहारात ते छापून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु प्रत्येक पत्राला एक उत्तरार्ध असतो, आणि तो ‘पोलिसांत गेलो असता’ या शब्दांनी सुरू होतो. आज पहिल्या पानावरील ही जागा आम्ही खर्च करीत आहोत ती त्या उत्तरार्धासाठी.

‘मोबाईल चोरीला गेला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले काय? पाहिले नाही ना? मग तो वाटेत पडला नसेल कशावरून?’ असा प्रश्न ठाणे अंमलदार करतो. नैयायिकांनी मान डोलवावी असाच हा प्रश्न आहे! मग मोबाईल ‘गहाळ’ झाल्याचा दाखला मिळतो. त्यावर शिक्का असतो, तो दाखवून नवे सिमकार्ड घेता येते, आणि गृहस्थ तेवढ्यावर समाधान मानून घरी जातो. पण पोलीस दप्तरात चोरी झालेलीच नसते! मंगळसूत्राच्या बाबतीत ते गहाळ झाले असे म्हणण्याची सोय नसल्याने निराळी युक्ती निघते. ‘तूर्त अर्ज देऊन ठेवा, साहेब आले की पाहू’ असे सांगितले जाते. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे, हे त्या बाईस ठाऊक नसते. ते अंमलदारास पुरते ठाऊक असते. आणि घटना दोन ठाण्यांच्या सीमेवर घडली असेल तर विचारावयासच नको. रस्त्याच्या अलीकडची बाजू एका ठाण्याची, पलीकडची दुसऱ्याची. चोर मात्र दोन्ही बाजूंनी मोकळा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून निराळे काय असते?

हे सारे कायद्याच्या अज्ञानातून होत असते तर क्षम्य ठरले असते. परंतु कायदा या बाबतीत मुळीच मोघम नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तिची नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर हद्दीचा बहाणाही काढून घेतला आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती विद्युत माध्यमातूनही पाठविता येते; तीन दिवसांत तिच्यावर सही केली म्हणजे झाले. फिर्यादीची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळविले पाहिजे. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने हिसकावून केलेल्या चोरीस कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा ठरविले असून, त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे गळ्यातील सोने ओढून नेण्याच्या प्रकाराला आता कायद्यात स्वतःचे नाव आहे. ठाण्याच्या दप्तरात ते नाव चढते काय, एवढाच प्रश्न उरतो.

याच कलम १७३ मध्ये एक फट राहिली आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षा आहे, त्यांच्या बाबतीत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठाणेदारास देण्यात आली आहे. चोरी आणि हिसकाचोरी नेमक्या याच पट्ट्यात येतात. खोट्या फिर्यादींना आळा बसावा असा विधिकारांचा हेतू असेल, आणि तो वाईट नाही. पण चौदा दिवसांत सोने वितळते, मोबाईलचे सुटे भाग होतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील चित्रणावर दुसरे चित्रण चढते. ही सवलत अपवाद म्हणून वापरली जावी. तिची वहिवाट पडली तर नव्या कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असेच म्हणावे लागेल.

आता आकड्यांकडे वळू; कारण ‘उपनगरांतील परिस्थिती नियंत्रणाखाली आहे’ असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा आकडेच पुढे केले जातात. देशभरच्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघत आला आहे आणि तो आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. २०२३ या वर्षाचा अहवाल लोकांच्या हाती पडला तो सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. या अहवालांत महानगरांचे दर लाख लोकसंख्येमागील गुन्ह्यांचे जे प्रमाण काढले जाते त्यासाठी पुण्याची लोकसंख्या धरलेली असते ५०.५ लाख, आणि ही गणना आहे २०११ ची! तीही एकट्या पुणे शहराची नव्हे, तर पिंपरी-चिंचवडसह सबंध नागरी समूहाची. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या साली झालीच नाही. ज्या काळात वाघोली हे ग्रामपंचायतीचे गाव होते त्या काळच्या डोक्यांनी आजचे गुन्हे भागावयाचे आणि निघालेल्या भागाकारावरून खराडीतील मुलीने रात्री नऊ वाजता बसथांब्यावरून घरी चालत जावे की नाही हे ठरवावयाचे, हा व्यवहार कोणत्या गणितात बसतो?

शिवाय एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा मोजावयाचा, अशी त्या मोजणीची पद्धत आहे. ती सोयीची असेल, पण तिच्यामुळे लहान गुन्हे आकड्यांतून आपोआप गळतात; आणि उपनगरी माणसाचे जिणे हैराण होते ते बव्हंशी या लहान गुन्ह्यांनीच. गुन्ह्यांची संख्या वाढणे आणि त्यांची नोंद वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा इशारा हा विभाग स्वतःच आपल्या अहवालांत देत आला आहे. तो कोणी वाचत नाही. आकडा वाढला की विरोधक ओरडतात, सत्ताधारी चिडतात, गृहखाते आयुक्तांना विचारते, आयुक्त ठाणेदारांना विचारतात; आणि ठाणेदार काय तो बोध घेतो.

आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे, हवालदाराच्या आळसात नाही. मासिक गुन्हे आढाव्याच्या बैठकीत ज्या ठाण्याचा आकडा फुगलेला दिसेल त्याच्या अधिकाऱ्यास उभे करून जाब विचारावयाचा आणि ज्याचा आकडा आटोपशीर असेल त्याची पाठ थोपटावयाची, अशी रीत असेल तर प्रामाणिकपणे नोंद करणारा अधिकारी मूर्ख ठरतो. प्रत्येक नोंदलेली फिर्याद म्हणजे एक पंचनामा, जबाबांची भेंडोळी आणि प्रलंबित तपासांच्या यादीत आणखी एक ओळ. गणेशोत्सवाचा बंदोबस्त, पालख्यांचा बंदोबस्त, मंत्र्यांच्या दौऱ्यांचा बंदोबस्त यांतून जे मनुष्यबळ उरते त्यानेच हे सारे उरकावयाचे असते. बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या शिपायाबद्दल आम्हांस सहानुभूती आहे. परंतु त्याच्यावरील भार हलका करण्याचा मार्ग नागरिकाच्या फिर्यादीवर पाणी सोडण्यातून जाऊ शकत नाही.

उपनगरांची वाढ किती बेसुमार झाली हे सांगावयास नको. १९६१ साली पानशेतचा पूर आला आणि पेठांतून उठलेली कुटुंबे गोखलेनगरसारख्या वसाहतींत गेली, तेव्हा ती ‘गावाबाहेर’ गेली असे पुणेकर म्हणत. पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळाले ते १९६५ साली, त्या आटोपशीर शहरासाठी. त्यानंतर शहर कोठल्या कोठे गेले. महापालिकेने २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आपल्या पोटात घेतली. शेतात बारा बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता कच्चाच राहिला आणि त्यावरचे दिवे ठेकेदाराच्या मर्जीवर राहिले. पूर्वी या गावांतून पोलीस पाटील असे. १९६७ च्या कायद्याने बांधलेला हा माणूस गावात नवखा कोण आला, कोणाच्या घरी कोण उतरला, हे न विचारता सांगू शकत असे. एका इमारतीत दीडशे बिऱ्हाडे आणि त्यांतील निम्मी भाड्याची, अशा वस्तीत ही ओळख संभवत नाही. जुनी व्यवस्था निरुपयोगी झाली आणि नवी यावयास वर्षे लागली.

ती काही अंशी आली, हे मान्य केले पाहिजे. २०२४ मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी पोलीस ठाणी शहरास मिळाली. आम्ही त्यांचे स्वागत केले होते, आजही करतो. पण ठाणे म्हणजे पाटी, टेबल आणि फीत कापण्याचा समारंभ नव्हे. २७ जून २०२३ रोजी भर सकाळी सदाशिव पेठेत एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन एक इसम धावला. तिचे प्राण वाचले ते रस्त्यावरील तरुणांनी जिवावर उदार होऊन त्याला धरले म्हणून. पेरूगेटची पोलीस चौकी तेथून हाकेच्या अंतरावर होती, आणि त्या वेळी चौकीत पोलीस नव्हता. तीन पोलिसांना त्यापायी निलंबित करण्यात आले. शहराच्या ऐन मध्यावर ही स्थिती, तर कात्रजच्या किंवा मांजरीच्या पलीकडील चौकीत रात्री दोन वाजता कोण असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

गाड्या फोडण्याच्या प्रकाराविषयी थोडे अधिक लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्याची चर्चा नेहमी चुकीच्या बाजूने होते. वृत्तपत्रांतून ‘कोयता गँगची दहशत’ असे मथळे झळकतात, आमच्याही पत्रातून झळकले आहेत. बंगल्यांच्या आवारातील मोटारींना काही झाले तर त्याची चित्रफीत तासाभरात गावभर फिरते. परंतु हे प्रकार वारंवार घडतात ते बिबवेवाडी, येरवडा, सहकारनगर या बाजूंच्या दाट वस्त्यांतून, जेथे गाडी लावावयास रस्त्याखेरीज दुसरी जागा नाही. फुटते ती कर्जावर घेतलेली रिक्षा, भाजीवाल्याचा टेम्पो, कारखान्यात जाणाऱ्याची दुचाकी. त्या रिक्षावाल्याचे दोन दिवसांचे उत्पन्न काचेत जाते आणि तिसऱ्या दिवशी हप्ता असतो. तो फिर्याद द्यावयास कचरतो, कारण फोडणारी पोरे त्याच्याच गल्लीतील असतात आणि चार दिवसांनी ती परत येणार हे त्यास ठाऊक असते. सोसायटीतील गृहस्थास निदान इंग्रजीत तक्रार लिहिता येते. याला ठाण्याच्या पायरीवरूनच परत पाठविता येते. उपनगर असुरक्षित झाले असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा त्या ‘उपनगरा’त याची वस्ती आपण धरतो काय?

आणि अशी पोरे सापडली म्हणजे त्यांची धिंड काढावयाची, हे एक नवे फॅड निघाले आहे. ज्या गल्लीत त्यांनी दहशत माजविली त्याच गल्लीतून त्यांना फिरवावयाचे, कान धरावयास लावावयाचे आणि बघ्यांनी टाळ्या पिटावयाच्या. लोकांना ते आवडते हे आम्ही जाणतो. आम्हांस ते आवडत नाही, आणि अप्रिय होण्याची जोखीम पत्करून ते येथे लिहितो. आरोपीस शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. धिंडीने त्या पोराची गल्लीतील पत वाढते की घटते हेही एकदा कोणी तपासून पाहावे. ज्या ठाण्याने आधीच्या तीन फिर्यादी अर्जावर भागविल्या त्या ठाण्याने चौथ्या वेळी धिंड काढली तर ती पराक्रमाची मिरवणूक ठरत नाही.

नागरिकांकडूनही काही मागण्या होतात आणि त्यांतील एक तर आम्हांस चिंताजनक वाटते. रात्री दहा-अकराच्या आत सारे बंद करा, चहाच्या टपऱ्या उठवा, हातगाड्या हलवा, रिकामटेकड्यांना घरी पाठवा, म्हणजे शांतता नांदेल, असे पुष्कळांस वाटते. हा प्रयोग या शहराने दोनशे वर्षांपूर्वीच करून पाहिला आहे. नाना फडणिसांच्या काळी घाशीराम कोतवालाच्या अमलात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्यास धरून कोतवालीत नेत. भुरट्या चोऱ्या त्यामुळे कमी झाल्याही असतील. शेवटी चौकशीवाचून कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ साली संतापलेल्या जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. सांगावयाचे ते इतकेच की, निर्मनुष्य रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेस कोपऱ्यावरची चहाची टपरी आणि तिथला मिणमिणता दिवा हाच आधार असतो. तो उठवून तुम्ही तिला कोणाच्या स्वाधीन करता?

मोठ्या गृहसंकुलांनी तर आपल्यापुरता प्रश्न सुटला असे धरून चालावयास सुरुवात केली आहे. उंच कुंपण, दारावर रक्षक, जागोजागी कॅमेरे, आणि घरकामाच्या बाईने कोणत्या उद्वाहकाने जावे याचे नियम! पण या रक्षकाची स्थिती कोणी पाहतो काय? खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात १९८१ पासून आहे, आणि रक्षक पुरविणाऱ्या संस्थांसाठी केंद्राचा २००५ चा कायदा आहे. त्यात प्रशिक्षणाची अटही आहे. प्रत्यक्षात दूर मराठवाड्यातून किंवा बिहारातून आलेला, बारा तासांची पाळी संपवून दुसऱ्या दारावर पुन्हा उभा राहणारा, शिटीखेरीज काही न मिळालेला एक थकलेला माणूस दाराशी बसलेला असतो. घरफोडी झाली की पहिला संशय त्याच्यावर, दुसरा मोलकरणीवर, तिसरा जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोरावर. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावयाची ही रीत नव्हे काय? भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळविण्याचा हुकूम मात्र याच संकुलांतील घरमालक बिनदिक्कत मोडतात, कारण भाडे रोखीत घ्यावयाचे असते.

तेव्हा आमची मागणी काय? नवे पथक नको, नव्या पथकाचे नवे नावही नको. दामिनी, बीट मार्शल अशी नावे पुरेशी झाली. प्रत्येक पोलीस ठाण्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या दारावर एक फलक लावावा. गेल्या महिन्यात किती फिर्यादी नोंदल्या, किती अर्ज आले आणि त्यांपैकी कितींचे फिर्यादीत रूपांतर झाले, किती मोबाईल ‘गहाळ’ दाखविले, किती प्रकरणांत चौदा दिवसांची चौकशी लावली, किती ऐवज परत मिळाला, एवढे आकडे त्यावर मराठीत लिहावे. वाघोलीच्या माणसाला वाघोलीचे आकडे पाहिजेत, पन्नास लाखांच्या भागाकाराशी त्याला कर्तव्य नाही. चौकीत रात्री कोणाची नेमणूक आहे ते नाव चौकीच्या बाहेर लिहिलेले असावे. आणि आयुक्तांनी ठाणेदारांना लेखी कळवावे की, नोंदींची संख्या वाढली म्हणून कोणासही बोल लावला जाणार नाही; नोंद टाळली असे आढळले तर मात्र लावला जाईल. असे झाले तर पहिल्या वर्षी उपनगरांतील गुन्ह्यांचा आकडा झपाट्याने चढेल. तो चढलेला पाहून आम्ही ओरड करणार नाही, असे वचन या स्तंभातून आम्ही आजच देऊन ठेवतो. इतर वृत्तपत्रांनी व विधिमंडळातील सभासदांनीही ते द्यावे.

तोपर्यंत नागरिकांनी स्वतःपुरते एक करावे. चोरी झाली असेल तर ‘गहाळ’ हा शब्द असलेल्या कागदावर सही करू नये. अर्जावर भागविण्यात आले तर फिर्यादीची प्रत मागावी. ती मागणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. ठाण्याने नकार दिल्यास तीच हकीकत लिहून कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. आणि त्या पोचपावतीची एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. ज्या ठाण्यांच्या नावाने अशा नकला येत राहतील त्या ठाण्यांची नावे आम्ही याच पानावर छापू.